नरखेड : संत्र्याच्या बगीच्यातील एकांत

नागपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी काटोल सोडून पुढे निघाली की खिडकीबाहेरचा रंग बदलू लागतो. कपाशीचे आणि तुरीचे उघडे पट्टे विरळ होतात व गडद हिरव्या, गोलसर माथ्याच्या झाडांच्या सरळ ओळी दिसू लागतात. हे संत्र्याचे बगीचे. थोड्याच वेळात नरखेड जंक्शन येते. येथून एक फाटा वरुड, मोर्शी, चांदूर बाजार करीत अमरावतीकडे जातो. मुख्य मार्ग पांढुर्ण्याच्या दिशेने मध्य प्रदेशात शिरतो. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा हा तालुका. उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या, पश्चिमेस वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. जाम नदी जेथे वर्धेला मिळते, त्या संगमाजवळ जलालखेडा हे गाव आहे आणि समोरच्या काठावर आमनेरचा जुना किल्ला. सावरगाव, मोवाड, बेलोना, भारसिंगी ही या परिसरातील परिचित नावे. बाजारपेठेतील चहाच्या टपरीवर बसले, तरी गोष्टी दोनच : पाणी आणि बहर.

नागपूरच्या भोसल्यांनी औरंगाबादकडून आणलेले हे झाड या मातीत असे रुजले की पुढे नागपूर आणि संत्रे हे शब्द जोडीनेच उच्चारले जाऊ लागले. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र या कीर्तीमागचे काम अत्यंत एकाकी आहे, हे बाजारात फळ निवडणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

कपाशी किंवा सोयाबीन पेरणाऱ्याचा वर्षाचा हिशेब वर्षात मिटतो. एखादे पीक बुडाले तर पुढच्या मृगात दुसरे पेरता येते. संत्र्याच्या बागायतदाराला ती मोकळीक नाही. कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी झाड खऱ्या अर्थाने फळते आणि नंतर वीस-पंचवीस वर्षे ते माणसाला बांधून ठेवते. सहा मीटरवर एक झाड धरले तर एकरी सुमारे ११० झाडे बसतात. प्रत्येकाचे बुंधे तपासावे लागतात. डिंक्या दिसला की साल खरवडून बोर्डो मलम लावावा लागतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, हे प्रमाण येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. आंबिया बहरासाठी हिवाळ्यात झाडाला ताण द्यायचा, मृग बहरासाठी उन्हाळ्यात. पानांवर कोळशी येते, पावसाळ्यात फळगळ होते, आश्विनाच्या सुमारास रात्री फळातील रस शोषणारे पतंग येतात. त्यांच्यासाठी सांजवेळी बगीच्यात धूर करून बसावे लागते. शिवाय रानडुकरांची जागल आहेच. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मिळते. ज्या आठवड्यात रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मध्यरात्री उठून, विजेरी घेऊन, ओलित करायला एकट्यानेच निघावे लागते.

पूर्वीही हे सारे कष्ट होते. परंतु एकट्याने नव्हते. घरात चार भाऊ असत, वावरात सालदार असे, शेजारच्या धुऱ्यावर दुसऱ्याची बंडी उभी असे. कामे सावडीने होत. पोळ्याला बैलांची रांग लागे. आता बैलांची जागा भाड्याच्या ट्रॅक्टरने घेतली; दोन तासांत नांगरट उरकून तो पुढच्या गावी जातो. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारण क्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. एवढ्या जमिनीवर दोन भावांचे भागत नाही. म्हणून एक राहतो आणि दुसरा नागपूरला किंवा पुण्याला जातो. राहणाऱ्याची मुलेही शिकली की जातातच. चोरी आणि जनावरे यांच्या भयाने अनेक कुटुंबे गावातील घर बंद ठेवून बगीच्यातच राहू लागली आहेत. गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, पांधणीच्या टोकाला, पावसाळ्यात जेथे दुचाकीही फसते अशा ठिकाणी दोन खोल्या, एक विहीर, एक कुत्रे आणि दोन माणसे.

अशाच एका बगीच्याची ही हकीकत. जलालखेड्याच्या बाजूस, वर्धेपासून फार दूर नसलेला तीन एकरांचा तुकडा. दोन एकर संत्रा, एका एकरात कपाशी आणि तूर. बागायतदाराचे वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण बारावीपर्यंत. पत्नी दहावी झालेली. मुलगा पुण्यात एका कारखान्यात, मुलगी लग्न होऊन छिंदवाड्याला. रविवारी मुलाचा फोन येतो, दहा मिनिटे चालतो आणि दोन्हीकडून सांगितले जाते की सर्व ठीक आहे.

या घरात स्मार्टफोन आला तो मुलाने जुना झालेला देऊन टाकला म्हणून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा खेडोपाडी जे घडले तेच येथेही घडले. बगीच्यात सर्वत्र रेंज नव्हती. विहिरीच्या काठावर उभे राहिले की दोन रेघा येत. म्हणून विहिरीचा काठ ही या घराची बैठक झाली. तेथे उभे राहून बागायतदार संत्रा उत्पादकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात दाखल झाला. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी आणि थेट पांढुर्ण्यापर्यंतचे शेतकरी त्यात होते. त्या वेळी एका गटात २५६ माणसांचीच मर्यादा असे आणि हा गट सदैव भरलेला असे. एखादा बाहेर पडला की दुसऱ्याला जागा मिळे.

पहिले काही महिने त्याने एक अक्षरही लिहिले नाही, केवळ वाचले. नंतर एका सकाळी पिवळ्या पडलेल्या पानाचे छायाचित्र टाकले. अर्ध्या तासात सात उत्तरे आली. कोणी जस्ताची कमतरता म्हटले, कोणी मुळाशी पाणी साचल्याचे सांगितले. एकाने विचारले, झाड उताराच्या बाजूचे आहे का? ते उताराचेच होते. चर खोदून पाणी काढले आणि झाड सावरले. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याने पत्नीला संध्याकाळी सांगितली : “आपल्यासारखंच त्याइच्याही बगीच्यात होते म्हणतात.” वर्षानुवर्षे जे आपल्या हातून काही चुकले म्हणून होत आहे असे वाटत होते, ते इतरांकडेही होत होते. एकटा माणूस प्रत्येक नुकसानीला स्वतःचा दोष समजू लागतो. कोणीतरी “माझ्याकडेही” असे म्हणाले की निम्मे ओझे उतरते.

हा अनुभव केवळ मोबाइलच्या काळाचा नाही. दूरच्या आवाजाने जवळच्या माणसाचा एकांत हलका करण्याचे प्रयत्न जगात जुने आहेत. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात शेजारचे घर शंभर-दोनशे किलोमीटरवर असे. तेथे १९२८ मध्ये विमानाने जाणाऱ्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने पेडल मारून चालणारा बिनतारी संच तयार केला. संच आला तो आजारपणाचा निरोप देण्यासाठी. पण ठरावीक वेळी त्याच लहरींवर मळ्यांतील स्त्रिया एकमेकींशी बोलू लागल्या : कोणाकडे पाऊस झाला, कोणाचे मूल चालू लागले, कोणती भाजी कशी टिकवावी. तेथे ‘गाला’ नावाचा गुलाबी छातीचा, कलकलाट करणारा एक पोपट आढळतो. त्याच्यावरूनच या गप्पांना नाव पडले. औषधाइतकीच या कलकलाटाची गरज होती.

महाराष्ट्रानेही असा एक मोठा प्रयोग पाहिलेला आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापन केली. (नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशात होते, त्यामुळे नरखेड या प्रयोगाबाहेर राहिले.) आठवड्यातून दोनदा गावकरी एका रेडिओभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. कॅनडातील विखुरलेल्या शेतकऱ्यांसाठी १९४१ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ मंडळांवरून ही कल्पना घेतली होती आणि तिचे सूत्र होते : ऐका, चर्चा करा, कृती करा. या तीन पायऱ्यांपैकी पहिली यंत्राची होती. उरलेल्या दोन माणसांच्या होत्या, एका छपराखाली मांडीला मांडी लावून बसलेल्या.

त्यानंतरच्या काळात साधने वाढत गेली. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर शेतकऱ्याला आपल्या भाषेत सल्ला मिळू लागला. २००५ मध्ये ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले मराठी दैनिक निघाले. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था बागायतदारांना मार्गदर्शन करीत आहेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजांचा इशारा देते. वर्धेच्या काठावरील माणसाला अशा इशाऱ्यांचे मोल समजावून सांगावे लागत नाही. ३० जुलै १९९१ रोजी याच तालुक्यातील मोवाड या गावावर वर्धेचा पूर चालून आला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. गाव पुढे नव्या जागी वसवावे लागले. वरच्या अंगाला काय पाऊस झाला हे खालच्या गावाला वेळेवर कळणे म्हणजे काय, हे तेथील वृद्ध आजही सांगतात.

घरातील स्त्रीचा एकांत मात्र वेगळा असतो. पुरुष निदान खत आणायला, तहसीलला, कळमन्याच्या बाजारात जातो. ती बगीच्यातच असते. या घरातील स्त्रीला पतीच्या गटात रस नव्हता. तिला तिचा गट मिळाला तो दहावीच्या वर्गाचा. कोणीतरी जुन्या वर्गमैत्रिणींना शोधून काढले. लग्नानंतर आडनावे बदललेली, काहींची सासरी नावेही बदललेली. त्यामुळे पहिले काही दिवस कोण कोणती हे ओळखण्यातच गेले. एकतीस जणी सापडल्या. दुपारी बारानंतर, कामे उरकली की, विहिरीच्या काठावर ती मोबाइल घेऊन बसे. कोणी सांडग्यांचे छायाचित्र पाठवी, कोणी नातवाचे. एकीने एकदा आपल्या गुडघ्यांच्या दुखण्याविषयी लिहिले आणि दिवसभर सर्वांच्या गुडघ्यांची चर्चा झाली. ऐकणाऱ्याला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात दिवसभरात दोनच माणसे बोलतात आणि तीही बहुधा मोटर सुरू झाली का एवढेच विचारतात, तेथे कोणीतरी आपल्याला बालपणीच्या नावाने हाक मारणे ही लहान गोष्ट नव्हे.

या साधनाची दुसरी बाजूही येथेच नोंदवली पाहिजे. सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार एवढे येतात की कामाचा संदेश त्यांत बुडून जातो. औषधविक्रेते शेतकऱ्याच्या नावाने गटात शिरतात आणि प्रत्येक रोगावर आपल्याच दुकानातील बाटली सुचवितात. भावाच्या अफवा पसरतात. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने अलीकडील वर्षांत आयातशुल्क वरचेवर वाढवले, तेव्हा भाव कोसळल्याच्या खऱ्या-खोट्या बातम्यांनी घाबरून कित्येकांनी कच्चाच सौदा केला. अफवेचे याहून भीषण रूप महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले. त्याच महिन्यात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने भारतात घातली. जे साधन एकांत मोडते, तेच गर्दीला आंधळे करू शकते.

आणखी एक दोष सूक्ष्म आहे. गटात येतात ती यशाची छायाचित्रे : फळांनी वाकलेली फांदी, भरलेले कॅरेट, नवा ट्रॅक्टर. पानावरचा रोग लोक दाखवतात. घरातील कर्ज कोणी दाखवीत नाही. २५६ माणसांसमोर “हप्ता थकला आहे” असे लिहिणारा आजवर कोणी झाला नाही.

या घरातही तसेच झाले. एका वर्षी श्रावण-भाद्रपदात पाऊस थांबेना. आंबिया बहराची फळे रोज सकाळी झाडाखाली पडलेली दिसू लागली; पहिल्यांदा टोपलीभर, मग पोत्याने. ज्या व्यापाऱ्याने बगीच्याचा सौदा करून इसार दिला होता, तो एकदा येऊन पाहून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. कपाशीतही पाणी उभे राहिले. बँकेचे पीककर्ज, त्याखेरीज विहीर खोल करण्यासाठी घेतलेले कर्ज आणि कृषी केंद्राची उधारी, अशी तीन देणी एकाच वेळी समोर आली. मुलाला त्याने काही सांगितले नाही. पत्नीला दिसत होते की हा जेवताना ऐकत नाही, रात्री वीज नसतानाही उठून बाहेर जाऊन बसतो. ती विचारी आणि तो म्हणे, काही नाही.

आश्विनातील एका रात्री साडेनऊच्या सुमारास गटात एक करडी ओळ उमटली : अमुक क्रमांकाने गट सोडला. अशा ओळी त्या वेळी रोजच येत. कोणाचा मोबाइल भरतो, कोणी कंटाळतो. २५५ जणांपैकी बहुतेकांनी ती पाहिलीही नसेल. नदीपलीकडे वरुड तालुक्यातील एका बागायतदाराने ती पाहिली. तीन वर्षांत दोघे कधी भेटले नव्हते. त्यांना एकमेकांची झाडे माहीत होती. चेहरे माहीत नव्हते. गेला महिनाभर हा माणूस फळगळीची छायाचित्रे टाकत होता आणि आठवड्यापूर्वी ती अचानक थांबली होती, एवढेच त्या दुसऱ्याच्या ध्यानात होते. त्याने फोन केला. उचलला गेला नाही. पुन्हा केला, बंद लागला. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे असे कोणालाही वाटले असते. त्याने मात्र पुतण्याला उठवले, दुचाकी काढली आणि वीस-पंचवीस किलोमीटर अंतर तोडून, जलालखेड्यात विचारत विचारत, पांधणीतून चिखल तुडवीत अकरानंतर बगीच्याशी पोचला.

कुत्रे भुंकले. पत्नी विजेरी घेऊन दारात आली. “कोण जी?” तिने विचारले. “भाऊ आहेत का? मी वरुडकडून आलो. संत्र्याच्या गटातला,” तो म्हणाला. ती क्षणभर काही बोलली नाही. मग तिने विहिरीच्या दिशेने विजेरी वळवली.

तो विहिरीच्या काठावर बसला होता. पाहुणा त्याच्या शेजारी जाऊन बसला. कर्जाविषयी त्याने काही विचारले नाही. गट का सोडला हेही विचारले नाही. “झाडं दाखवा नं भाऊ, एवढ्या लांब आलो,” एवढेच म्हणाला. दोघे विजेरीच्या प्रकाशात ओळीओळीने फिरले. पाहुण्याने खाली पडलेली फळे उचलून पाहिली, बुंधे पाहिले आणि मग आपल्या बगीच्याची गोष्ट सांगितली : काही वर्षांपूर्वी गारपिटीत त्याची दोन्ही बहरांची फळे गेली होती आणि त्याने सहा महिने कोणाशी बोलणे टाकले होते. शेवटच्या ओळीपाशी पोचेपर्यंत मालकाला रडू आले. पत्नीने चहा ठेवला. पाहुणे सकाळपर्यंत राहिले.

पुढे जे झाले त्यात चमत्कार काही नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला फोन गेला आणि प्रथमच खरे सांगितले गेले. त्या आठवड्यात ते दोघे बागायतदार मिळून बँकेत गेले. नैसर्गिक आपत्तीने ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले आणि त्याची शासकीय नोंद झाली, तर पीककर्जाचे पुनर्गठन करून ते मुदतीच्या हप्त्यांत फेडता येते, अशी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत तरतूद आहे. ती या बागायतदाराला ठाऊक नव्हती. आणि ज्याला लाज वाटते तो काउंटरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ती कळण्याचा मार्गही बंद होतो. अर्ज दिला गेला. कर्ज नाहीसे झाले नाही. त्याचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा उचलता येण्याजोगा झाला. कृषी केंद्राच्या मालकाने हंगामापर्यंत थांबायचे कबूल केले.

अकराव्या दिवशी त्याचे नाव पुन्हा गटात आले. का गेला होता, असे कोणी विचारले नाही. एकाने पानाचे छायाचित्र टाकले आणि लिहिले, “हे काय आहे सांगा बरं भाऊ.” त्याने उत्तर दिले.

त्या घटनेनंतर गटाने एक अलिखित नियम केला. जो बाहेर पडेल किंवा पंधरा दिवस मौन धरील, त्याला जवळच्या गावातील सदस्याने फोन करायचा आणि फोन लागला नाही तर जाऊन यायचे. बहुतेक वेळा कारण साधेच निघते : मोबाइल विहिरीत पडला, मुलीचे लग्न होते. जाणाऱ्याला चहा मिळतो आणि तो परततो. परंतु वर्षातून एखादी फेरी अशी असते की जाणारा परतल्यावर फारसे काही बोलत नाही.

अशा जाण्याला शास्त्राचाही आधार आहे. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबविण्यात आला. खेड्यातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी नैराश्याविषयी बोलायचे, हे त्याचे मुख्य अंग. पूर्वी नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक मदत घेत. दीड वर्षानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषध आणि डॉक्टर यांची गरज होतीच. पण त्यांच्यापर्यंत माणूस पोचला तो कोणीतरी उंबरठ्यावर येऊन बसले म्हणून.

बँकेच्या कर्जअर्जात अनेक रकाने असतात. जमिनीचा गट क्रमांक, तारण, इतर देणी, जामीनदाराचे नाव. पैसा बुडाला तर कोणाला विचारायचे हे त्यात लिहिलेले असते. माणूसच बुडू लागला तर मध्यरात्री कोणाला हाक मारायची, याचा रकाना कोणत्याही अर्जात नाही. पूर्वी तो भरण्याची आवश्यकता नसे. चावडीवर, पारावर, सावडीच्या कामात तो आपोआप भरलेला असे. आता तो जाणीवपूर्वक भरावा लागतो. मोबाइलवरील गट हे त्याचे एक साधन आहे आणि चांगले साधन आहे. मात्र १९५६ च्या रेडिओ मंडळांचे सूत्र येथेही लागू पडते. ऐकणे आणि चर्चा करणे पडद्यावर होऊ शकते. तिसऱ्या पायरीसाठी कोणालातरी चपला पायात घालाव्या लागतात.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे मूळ अशाच एखाद्या तालुक्यात आहे. व्यापार, नोकरी, शिक्षण यांसाठी एक शाखा शहरात आली आणि एखादा काका, मामा, चुलतभाऊ वावर राखीत मागे राहिला. त्याच्या नावे कौटुंबिक गटात रोज नमस्काराचे चित्र येत असेल. तेवढ्यावरून तो सुखरूप आहे असे समजू नये. चित्र यायचे थांबले तर ते लक्षात येणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात असावा. रविवारच्या फोनवर “सर्व ठीक ना?” असे विचारले की “ठीक” हेच उत्तर येते, “यंदा फळगळ किती झाली?” असे विचारले तर संभाषण पुढे जाते. फार अवघड प्रसंग वाटल्यास शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि तेथे मराठीतही बोलता येते.

मार्गशीर्षात पुन्हा ताण द्यायची वेळ येते. झाडाचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात. नवख्याला वाटते, झाड जाणार. अनुभवी बागायतदार रोज जाऊन पान हातात घेऊन पाहतो, कारण ताण किती दिवस सोसवेल हे झाड सांगत नाही, ते ओळखावे लागते. योग्य दिवशी पाणी सोडले की काही आठवड्यांत साऱ्या बगीच्यावर पांढरा बहर येतो. नरखेडहून परतीची गाडी त्या दिवसांत सुटते तेव्हा तिन्हीसांजेला खिडकीतून तो गंध आत येतो आणि दूर आत, पांधणीच्या टोकाला, एखादा दिवा दिसतो. त्या दिव्यापाशी कोण राहते, हे कोणाला तरी ठाऊक असावे.